पोर्तुगालची द्राक्षभूमी : वाण, माती आणि नाव



आपल्या घरोघरी पाण्याचे पिंप असते. ते पूर्वी लोखंडी होते, आता प्लास्टिकचे झाले. पण शब्द तोच राहिला. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत 'पिपा' म्हणजे फळ्यांचे, पोट फुगलेले लाकडी पीप. त्याचे मोठे काम एकच होते, द्राक्षांचे मद्य भरून ठेवणे. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यात आजही मद्याचे माप 'पिपा' हेच आहे, आणि एक पिपा म्हणजे ५५० लिटर. बटाटा, काजू, पाव, पगार, चावी हे शब्द त्यांच्याबरोबर आले आणि कोकणातून घाट चढून पार झाडीपट्टीपर्यंत पोहोचले. पिंपही आले. परंतु पिंपात जे भरलेले असे, त्याची वेल मात्र त्यांना गोव्यात रुजविता आली नाही. ४५१ वर्षे राज्य करूनही नाही. ती तेथे का रुजली नाही, जेथे रुजली तेथे तिची व्यवस्था कशी लावली गेली आणि त्या व्यवस्थेशी वडशाच्या माणसाचा काय संबंध, एवढे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती वरून लादलेली नसून येथील लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीतून आलेली आहे. अशा जिल्ह्यात मद्याविषयी बोलणाऱ्याकडे श्रोत्यांनी जरा संशयाने पाहिले तर त्यात वावगे काही नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो की आजचा विषय पेल्याचा नाही. तो शेतीचा आहे, आणि त्याहूनही अधिक नावाचा आहे : जमिनीतून जे पिकते त्याचे नाव कोणाच्या मालकीचे?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या पलीकडे नागभीड तालुका लागतो. तेथील नांदेड गावचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, बी वेगळे लावले, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवीला गोड असा एक उत्तम तांदूळ निघाला. त्याला नाव मिळाले ते मात्र त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका मनगटी घड्याळाचे. 'एचएमटी' तांदूळ आज कित्येक राज्यांत पिकतो. पोत्यावरील त्या तीन अक्षरांत ना खोब्रागडे आहेत, ना नांदेड, ना चंद्रपूर. विद्यापीठाने १९९८ साली त्याच धानाचे सुधारित वाण प्रसृत केले, श्रेयावरून वाद झाला, राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरवही झाला. २०१८ साली दादाजी निवर्तले. वाण मोठा झाला, पण त्या नावाचा त्याच्या मातीला काही उपयोग झाला नाही. पोर्तुगालची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे वाणांची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात. जागेचे नाव तेवढे जगभर गाजते.

आता तो देश पाहू. नकाशावर पोर्तुगाल म्हणजे स्पेनच्या पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या काठाने उभी लावलेली पट्टी. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाहून थोडे कमीच. एवढ्याशा देशात द्राक्षांचे अडीचशेहून अधिक देशी वाण आहेत. त्यांची नावेही आपल्या धानाच्या नावांसारखी शेतकऱ्याने ठेवलेली, मिस्कील आहेत. आपल्याकडे हिरानक्की, लुचई, दुबराज. तिकडे 'तिंतू काऊं', म्हणजे लाल कुत्रा. एका पांढऱ्या द्राक्षाचे नाव 'एश्गाना काऊं', म्हणजे कुत्र्याचा गळा आवळणारे. इतके ते आंबट! आणखी एकाचे नाव 'मेंढीचे शेपूट', घडाच्या आकारावरून. 'बागा' नावाचेही एक द्राक्ष आहे. गोव्याच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध लावू नये. त्या शब्दाचा अर्थ नुसता लहान गोल फळ असा आहे.

एवढी विविधता का, याचे उत्तर पावसात आहे. समुद्रावरून येणारे ढग उत्तरेकडील मिन्यू प्रांतात वर्षाला दीड हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस पाडतात, म्हणजे जवळजवळ आपल्याइतका. त्याच्या पूर्वेला मारांव नावाचा डोंगर आडवा उभा आहे. त्याने ढग अडविले की मागे राहते ते कोरडे खोरे. स्पेनच्या सरहद्दीजवळ पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे माणदेश, तसाच हा प्रकार.

मिन्यूच्या ओल्या, हिरव्या भागातील मद्याला 'व्हिन्यू व्हेर्द', शब्दशः हिरवे मद्य, म्हणतात. रंग हिरवा नसतो. कोवळेपणी प्यावयाचे म्हणून हिरवे. तेथे शेते चिमुकली, वाटण्या होत होत रुमालाएवढी उरलेली. शेतात मका आणि बटाटा, आणि वेल बांधावरच्या झाडांवर किंवा उंच मांडवावर चढविलेली, जसे आपण वालाचे वेल कुंपणावर सोडतो. उंचावर वारा खेळतो आणि ओलीमुळे येणारी बुरशी कमी लागते. या प्रांताच्या उत्तर टोकाला, स्पेनच्या सीमेवर, 'आल्वारिन्यू' हे सुगंधी पांढरे द्राक्ष होते आणि ते तेथील अभिमानाचा विषय आहे.

डोंगर ओलांडला की दोरू नदीचे खोरे लागते, आणि येथे आपल्याला थोडे थांबले पाहिजे, कारण नावाची सगळी कहाणी येथेच घडली. ही काही वैनगंगेसारखी रुंद पात्राची, ऐसपैस नदी नव्हे. दोन्ही काठांना उभे चढ, आणि माती म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. आहे तो पाटीचा दगड, थरांथरांचा, उभ्या भेगा पडलेला. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सुरुंग, पहार आणि कुदळीने तो फोडला, दगडांच्या कोरड्या भिंती रचल्या आणि डोंगराला पायऱ्या काढल्या. वेलीची मुळे त्या भेगांतून खोल खोल उतरतात आणि उन्हाळ्यात, वर सगळे करपले असताना, खालची ओल शोधून काढतात. दिवसा दगड तापतो, रात्रीही ऊब सोडीत राहतो. अशा छळात वाढलेल्या वेलीला फळ थोडे येते, पण त्यात रस दाट उतरतो. 'तोरिगा नासियोनाल' हा येथील सर्वांत मानाचा वाण. दाणा बारीक, साल जाड, उत्पन्न इतके कमी की एके काळी शेतकरी त्याला कंटाळून गेले होते. त्याच्या जोडीला तोरिगा फ्रांका, तिंता रोरिश, तिंता बार्रोका आणि तो लाल कुत्रा. जुन्या मळ्यांत हे सारे एकत्रच लावलेले असत. कोणती वेल कोणत्या वाणाची हे मालकालाही नेमके सांगता येत नसे. तिंता रोरिशलाच दक्षिण पोर्तुगालमध्ये आरागोनेश म्हणतात आणि स्पेनमध्ये तेंप्रानियो. एकच द्राक्ष, तीन गावी तीन नावे. वाणाच्या नावावर भिस्त ठेवता येत नाही ती अशी.

सप्टेंबरात तोडणी होते. द्राक्षे दगडी हौदात टाकून माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ती तासन् तास पायांनी तुडवीत. काही ठिकाणी अजूनही तुडवितात. रस आंबू लागतो, म्हणजे द्राक्षाच्या सालीवरील व हवेतील किण्व त्यातील साखर खाऊन तिचे मद्यार्क करू लागते. मोह भिजत घातला की जे घडते तेच हे. सगळी साखर संपेपर्यंत वाट पाहिली तर मद्य कोरडे, बेगोड होते. दोरूमध्ये मात्र साखर निम्मी शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचाच गाळीव मद्यार्क ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. किण्व मरते, गोडी आत अडकून पडते, आणि तीव्रता वीस टक्क्यांच्या घरात जाते. हीच ती पोर्ट वाइन. ही रीत मुळात चवीसाठी नव्हती. लांबच्या सागरी प्रवासात माल नासू नये म्हणून पिपात थोडा मद्यार्क घालीत, त्यातून ती वाढली.

प्रवास इंग्लंडचा होता. १७०३ साली इंग्लंड-पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन करार झाला : इंग्रजी लोकरी कापड पोर्तुगालमध्ये यावे आणि पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडात फ्रेंच मद्याहून एक तृतीयांश कमी जकात बसावी. मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की भेसळ वाढते, हा बाजाराचा धर्म दोरूच्या खोऱ्यातही चुकला नाही. दुसरीकडचे पाणचट मद्य आणून त्यात एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस रंगासाठी, साखर गोडीसाठी आणि मिरी तिखटपणासाठी घालू लागले. इंग्रज ग्राहक बिथरला, भाव कोसळले, आणि मरण ओढवले ते डोंगर फोडणाऱ्या शेतकऱ्याचे.

त्या वेळी राज्याची सूत्रे ज्याच्या हाती होती, तो पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झाला. १७५५ च्या प्रलयंकारी भूकंपानंतर लिस्बन शहर पुन्हा उभे करणारा हाच तो करडा माणूस. १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने दोरूच्या मद्यासाठी एक सनदी कंपनी स्थापली आणि खोऱ्याची सीमा आखावयास घेतली. पुढच्या काही वर्षांत ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले गेले. त्यांपैकी बरेच आजही उभे आहेत. खांबांच्या आत पिकलेले तेच दोरूचे, बाहेरचे नव्हे. एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. इटलीत आणि हंगेरीत याआधी काही द्राक्षप्रदेशांच्या सीमा ठरविल्या गेल्या होत्या, त्यामुळे हा अगदी पहिलाच प्रयत्न असे म्हणता येणार नाही. परंतु सीमा, प्रत, भाव आणि तपासणी या चारही गोष्टी एका कायद्यात बांधण्याचे एवढे मोठे काम पूर्वी कोणी केले नव्हते.

या कामाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कंपनीच्या मक्तेदारीने पोर्तो शहरातील गुत्तेवाले आणि गरीब ग्राहक भडकले. फेब्रुवारी १७५७ मध्ये दंगा झाला, आणि पोंबालने त्याचा सूड फाशीच्या खांबांनी घेतला. सीमेबाहेर पडलेल्यांचे काय झाले? दक्षिणेला बैर्रादा नावाचा चिकणमातीचा प्रदेश आहे. तेथील मद्य दोरूमध्ये मिसळले जाते या सबबीखाली तेथल्या वेली उपटविण्यात आल्या. आज त्याच बैर्रादात 'बागा' द्राक्षाचे नावाजलेले मद्य होते, पण मधली कैक दशके गेली ती गेलीच. नकाशावर रेघ ओढणाऱ्याच्या हाती दोन्ही गोष्टी असतात.

आणखी एक गंमत पाहा. द्राक्षे दोरूच्या डोंगरात होतात, पण मद्याचे नाव पडले खाली समुद्राकाठच्या पोर्तो बंदराचे. संत्री काटोल-वरुडची आणि नाव नागपूरचे, तसेच. राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या नावांतून पिपे खडकाळ ओघातून खाली येत आणि पोर्तोसमोरच्या गाया गावातील थंड वखारींत वर्षानुवर्षे मुरत पडत. ओघ भयंकर होता. दोरूचा उत्तम नकाशा काढणारा जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा ब्रिटिश व्यापारी १८६१ साली त्यातच नाव उलटून बुडाला. त्याच नावेत दोना आंतोनिया फेरैरा ही मळेवाली होती. फॉरेस्टरच्या कमरपट्ट्यात सोन्याची नाणी होती म्हणून तो तळाला गेला आणि या बाईंच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवले, असे लोक सांगतात. कथेचे राहू द्या. दोना आंतोनिया यांनी एकोणिसाव्या शतकात दोरूमधील सर्वांत मोठ्या मळ्यांचा कारभार हिमतीने चालविला, ही मात्र इतिहासातील गोष्ट आहे. पुढे नदीवर धरणे झाली, ओघ शांत झाले आणि नावा शोभेपुरत्या उरल्या. परंतु १९८६ पर्यंत निर्यात गायाच्या वखारींतूनच झाली पाहिजे असा नियम होता. म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्याला स्वतःचा माल स्वतः परदेशी पाठविण्याची सोय नव्हती. नाव मिळाले, पण त्याची किल्ली दोनशेहून अधिक वर्षे बंदरातल्या व्यापाऱ्याच्या कमरेला राहिली.

इतर प्रदेशांना इतका वेळ देता येणार नाही. दाऊं हे डोंगरांनी वेढलेले ग्रॅनाइटचे पठार. तोरिगा नासियोनालचे माहेर तेच म्हणतात. त्याची सीमा १९०८ साली ठरली. हुकूमशहा सालाझार त्याच भागातला. त्याच्या राजवटीत द्राक्षे खरेदी करण्याचा हक्क बहुतांशी सहकारी संस्थांनाच दिला गेला. आपल्याला सहकार म्हटले की बरे वाटते. पण येथे स्पर्धाच न उरल्याने मद्याची प्रत खालावली, आणि पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेल्यानंतर ती मक्तेदारी मोडली तेव्हा कोठे दाऊंला पूर्वीचे तेज आले. लिस्बनजवळचे कोलारेस तर थेट समुद्राच्या वाळूत आहे. रामिश्कू नावाचे द्राक्ष लावण्यासाठी वाळूत खोल चर खणून खालच्या चिकणमातीपर्यंत जावे लागे, आणि वाळू अंगावर ढासळली तर श्वास घेता यावा म्हणून मजूर डोक्यावर टोपली घालून खणीत, असे सांगतात. या वाळूनेच कोलारेसला वाचविले. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड अमेरिकेतून येऊन तिने युरोपभरच्या वेली मारल्या, दोरूही उजाड केले. परंतु वाळूत ती कीड जगत नाही. अन्यत्र उपाय निघाला तो असा : मूळ अमेरिकन रानवेलीचे आणि वर कलम युरोपीय द्राक्षाचे. आपल्या नाशिककडेही आज द्राक्ष खुंटावर कलम करून लावतात, मात्र तेथे कारण खारट पाणी आणि कमी पाऊस हे आहे.

दक्षिणेकडील आलेंतेजू हा उष्ण, उघडा, मोठ्या जमीनदारांचा प्रदेश. काही गावांत अजूनही पुरुषभर उंचीच्या मातीच्या रांजणांत द्राक्षरस आंबवितात आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, रांजण उघडतात. वनजिल्ह्यातील श्रोत्यांना मात्र तेथील बुचाचे झाड अधिक मोलाचे वाटेल. बाटलीचे बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, नंतर दर नऊ वर्षांनी; झाड तोडावे लागत नाही. साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी कधी हे कोणालाही कळावे. जगातील सुमारे निम्मे बूच या एका छोट्या देशातून येते. लाकूड न तोडता रानाने माणसाला पोसावे, याचे हे उदाहरण तेंदू आणि बांबूच्या मुलखात सांगण्याजोगे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांवर मादैरा बेटाच्या मद्याची पिपे असत. विषुववृत्त ओलांडताना, महिनेच्या महिने जहाजाच्या पोटात तापत राहून ते मद्य नासण्याऐवजी सुधारते, असे ध्यानात आले. हिंदुस्थानची फेरी करून परत आलेल्या पिपाला जास्त भाव मिळू लागला. त्याला 'फेरीचे मद्य' असेच नाव पडले. पुढे फेरीचा खर्च वाचवावयाला मादैरातच खोल्या तापवून मद्य ठेवू लागले. आपल्या समुद्राच्या उष्म्याने एका मद्याची रीतच बदलली.

परंतु गोव्यात वेल लागली नाही. चर्चमधील मिस्सेला द्राक्षमद्य लागे, साहेबांच्या मेजाला लागे, ते जहाजाने येई. कारण साधे आहे. द्राक्षवेलीला हिवाळ्यात पाने झडून झोप हवी असते आणि फळ पिकताना कोरडे ऊन हवे असते. गोव्यात थंडी नाही, आणि जून ते सप्टेंबर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. त्या ओलीत पानांवर बुरशी धरते आणि झोप न मिळालेली वेल खंगते. वाण जहाजात घालून आणता येतो, हवामान आणता येत नाही.

दख्खनच्या पठारावर गोष्ट निराळी. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे नमूद केले आहे. झोप न घेणाऱ्या वेलीचेच ते वर्णन. नाशिकच्या शेतकऱ्याने तिला कात्रीने वळण लावले : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार व्हावी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे त्या काडीवर घड यावा आणि पावसाळा टळून उन्हाळ्याच्या तोंडी पिकावा. पोर्तुगालमध्ये जे काम हिवाळा करतो ते येथे माणसाचा हात करतो. १९८० च्या दशकात नारायणगावला आणि १९९९ नंतर नाशिकला वाइनचे कारखाने उभे राहिले. २००१ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरण आखले आणि पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र द्राक्षांचे वाण तेथे बहुतेक फ्रान्सचे आहेत.

गोव्यात द्राक्षाऐवजी जे रुजले ते काजू. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आणलेले हे झाड जांभ्या दगडात असे पसरले की आज ते परके आहे हे पटत नाही. मार्च ते मे महिन्यांत झाडाखाली आपोआप गळून पडलेले बोंडू वेचतात, दगडी कुंडात पायांनी तुडवितात, रस आंबवितात. पहिल्या उकळीची ती हुर्राक आणि पुढच्या उकळीची फेणी. तुडविण्याची रीत दोरूच्या हौदासारखी, फळ ब्राझीलचे, माती गोव्याची. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गोव्याबाहेर गाळलेल्या काजूच्या दारूला फेणी म्हणता येणार नाही. पोंबालचे ग्रॅनाइटचे खांब अडीचशे वर्षांनी, कागदावर का होईना, मांडवी-जुवारीच्या काठी रोवले गेले. आणि त्याच गोव्यात आणखी एक बाटली मिळते, 'पोर्ट वाइन' अशा नावाची, गोड आणि स्वस्त. तिची द्राक्षे बहुतांशी घाटावरून येतात. 'पोर्तो' आणि 'दोरू' ही नावे पोर्तुगालने भारताच्या नोंदवहीतही चढवून घेतलेली आहेत. आपले नाव जपावे आणि शेजारच्या फडताळात दुसऱ्याचे नाव विकावे, हा विसंगतपणा गोवेकरांनाही दिसत असावा.

या नोंदवहीचा कायदा १९९९ चा. अंमल २००३ पासून. विदर्भात त्याचा लाभ नागपूरच्या संत्र्याला झाला, भिवापूरच्या मिरचीला झाला, भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळालाही झाला. चिन्नोरचे नाव वाचताना एचएमटीची आठवण येते. एका तांदळाला गाव मिळाले, दुसऱ्याला घड्याळ.

आणि मोह? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पांढरट, रसाळ फुलांचा सडा पडतो. उजाडायच्या आत बायका आणि पोरे टोपल्या घेऊन वेचायला निघतात. ही फुले वाळवून ठेवली की वर्षभर खाण्याला होतात, बाजारात जातात, गुरांना जातात, आणि भट्टीलाही जातात. सरकारी कागदाने मात्र मोहाकडे दीर्घकाळ एकाच डोळ्याने पाहिले, भट्टीच्या. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहाचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच बंधन घातले होते. म्हणजे दारू नव्हे, फूलच संशयित. द्राक्षाच्या बाबतीत असे कोणी केले नाही. दारूबंदी असावी असे मानणाऱ्यालाही मोहाच्या फुलाचे खाद्य म्हणून, गोडवा म्हणून मोल व्हावे असे म्हणता येते. मी त्या मताचा आहे. बेदाणा आणि मद्य एकाच वेलीचे, पण बेदाण्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही.

मोहाला जागेचे नाव द्यायचे ठरले तर अडचणी आहेतच. मोह वैनगंगेच्या दोन्ही काठांना आहे, बस्तरात आहे, बालाघाटात आहे. खांब कोठे रोवणार? बैर्रादाच्या उपटलेल्या वेली विसरून चालणार नाही. शिवाय नावाची किल्ली गायाच्या व्यापाऱ्यासारखी कोणा दलालाच्या कमरेला जाऊ नये. याबाबतीत मात्र आपला जिल्हा पोर्तुगालच्या पुढे आहे असे मला वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, देशातील अगदी पहिल्यांमध्ये, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. त्यानंतर जिल्ह्यातील कितीतरी गावांना असे हक्क मिळाले. मानांकनाच्या अर्जात एक रकाना असतो : उत्पादकांच्या संघटनेचे नाव. दोरूच्या शेतकऱ्याच्या वतीने तो रकाना प्रथम राजाच्या मंत्र्याने भरला. येथे तो ग्रामसभांना भरता येईल.